मागच्या दारातली शीळ

नवरा, हुसेन, गेल्यापासून त्यांची गाडी दोन वर्षं उभीच होती. शेवटी लेकीनं हट्ट धरला, तेव्हा नाजिमा ती वाघोलीला साईनाथच्या गॅरेजात गाण्यांचा जुना डेक काढून नवा स्क्रीन बसवायला घेऊन आली.

"कंपनीचा डेक आवाज पाठवतो आणि वायरी तो चारही दारांत पोचवतात," डेक उपसत साईनाथ म्हणाला. "हा निघाला की गाडी मुकी."

डेक निघाला आणि मागच्या डाव्या दारातून बारीक शीळ ऐकू आली.

गाडीबाहेर उन्हात उभ्या नाजिमानं ती लगेच ओळखली. सिग्नलला अडकले की हुसेन अशीच शीळ घालायचे. मागे लेक झोपलेली असायची, म्हणून अगदी हळू. तिला हसू आलं, डोळेही भरले.

साईनाथनं बॅटरी सोडवली, तरी शीळ चालूच. मग त्यानं दाराचं पॅनेल उघडलं आणि वायरी तोडून स्पीकर बाहेर काढला. त्याच्या तळहातावर स्पीकरचा कागद थरथरत होता.

"ताई, हा कशालाच जोडलेला नाही हो," तो पुटपुटला.

नाजिमानं स्पीकर ओंजळीत घेतला. शीळ थांबली.

"उन्हात किती वेळ उभी राहणार, नाजिमा?" ओंजळीतून हुसेन म्हणाले. "बस ना."