पाच पेडांची वेणी

गटचर्चेला सहा जण आले होते. प्रत्येकाने उपचार घेऊन आपल्या गेलेल्या माणसाची आठवण कायमची काढून टाकली होती. ते माणूस कोण, हे फक्त संशोधक शर्वाणीच्या फाईलमध्ये होतं, आणि ते सांगायला तिला सक्त मनाई होती.

"उपचारानंतर काही चुकल्यासारखं वाटतं का?" तिने ठरलेला प्रश्न विचारला.

पाच जण नाही म्हणाले. मनोहर शेट्ये मात्र घुटमळले. "परवा शेजारच्या चिमुरडीची वेणी घातली. पाच पेडांची, अगदी सुरेख. पण मला ती कधी आली? बायकोचे केस तर पहिल्यापासून आखूड."

चर्चा संपली, बाकीचे उठून गेले. शेट्ये बसूनच राहिले.

"मॅडम, आम्हाला मुलगी होती ना?"

शर्वाणीने रेकॉर्डर बंद केला. मग मनाई असूनही तिने होकारार्थी मान हलवली.



"नाव नका सांगू," शेट्ये म्हणाले. "आम्ही दोघांनी मिळून उपचार घेतला, म्हणजे सोसवलंच नसणार. एवढंच सांगा, तिचे केस दाट होते का हो?"

शर्वाणीने फाईल उघडली. नाव होतं, वय नऊ वर्षं होतं, आजार होता.

"इथे लिहिलेलं नाही, काका."

ते आईबापांनाच ठाऊक असणार. त्यांतला एक तिच्यासमोर बसला होता, आणि दुसरी बाहेर बाकावर त्याची वाट पाहत होती.