अल्बममधलं सातवं गाणं

बघायला आलेल्या तिसऱ्या पोरालाही रचना तेच विचारणार, हे वडगावातल्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. 'टिटवी' या गाजलेल्या ग्रुपच्या अल्बममधलं सातवं गाणं येतं का?

पहिलं गाणं वरातीतसुद्धा वाजायचं. सातवं कुणी ऐकत नसे. रचनाचा मात्र त्याच्यावरच जीव. जो ते ऐकेल तोच आपलं ऐकून घेईल, हे तिच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. आधीचे दोघे तेवढ्यावरच परत गेले होते.

"गाण्यावर संसार हुतोय व्हय गं?" तिचे वडील, आप्पा, करवादायचे. तिनं मोबाइलवर ते लावलं की तोंड फिरवून बसायचे.

आजचा ओमकार शहापूरच्या विणकराच्या घरातला, उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरीला. चहा झाल्यावर रचनाची मावशी म्हणाली, "जावा, दोघं जरा बोलून घ्या."

बोलायला जागा एकच, यंत्रमागाची खोली. आप्पांनी नेमका तेव्हाच माग सुरू केला.

"बंद करा की जरा!" मावशी ओरडली.

"साडी आजच द्यायची हाय."

त्या खडखडाटात कानाचा उपयोग नव्हता. पण मागावर वाढलेल्या माणसांचं त्यावाचून अडत नाही. ती समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. रचना आप्पांकडं पाठ करून उभी राहिली, ओमकार तिच्यासमोर.

तिनं विचारलं. त्याचा चेहरा पडला. तिच्या खांद्यापलीकडं बघत तो जरा घुटमळला. मग एकेक शब्द सुटा करत म्हणू लागला, 'दार उघडं ठेवलंय, उशीर झाला तरी ये...' दोन्ही कडवी, कुठंही न चुकता. नजर काही तिच्याकडं वळली नाही. लाजतोय बिचारा, असं तिला वाटलं. आनंदानं तिला रडूच फुटलं.

लग्न थाटात झालं. पुढं एका रविवारी शहापूरच्या घरी भाजी चिरताना तिनं तेच गाणं लावलं.

"लई झ्याक हाय की," ओमकार म्हणाला. "कुणाचं म्हणायचं हे?"

"थट्टा करताय व्हय? तुम्हीच तर म्हणून दाखवलासा."

ओमकार ओशाळला.

"मी कुठलं गं? तुझ्या मागं आप्पा उभं हुतं. त्यांचं ओठ बघत म्हणत गेलो. त्यांस्नी अख्खं पाठ हाय."