काळं अक्षर, हिरवी शाई

दुर्गाआत्या परतवाड्याहून अकोल्याला आमच्या घरी आली, ती माझं नाव शाळेतून काढायचं ठरवूनच. झोपाळ्यावर बसून बाबांना रोज तेच, "मले काळं अक्षर म्हैस बराबर! माह्यं काही अडलं काय? मॅट्रिक होऊन पोरगी काय मामलेदार बनून राहिली? काढ तिचं नाव." आणि काल बाबा चक्क "बरं, अक्का" म्हणाले.

माझं तर डोकंच फिरलं! ट्रेनिंग कॉलेजातून आमच्या शाळेत पाठ घ्यायला आलेल्या बाईंनी नुकताच वर्गात एक खेळ घेतला होता. रंगाचं नाव भलत्याच रंगाच्या शाईत लिहायचं, आणि शब्द न वाचता शाईचा रंग पटकन सांगायचा. आम्ही साऱ्या हुशार पोरी आपटलो, कारण वाचता येणाऱ्याची जीभ शब्दाकडेच पळते. मी तसेच कागद केले आणि बाबांच्या देखत आधी धाकट्या ताराला दाखवले. तिला अजून ग म भ न येत नाही, म्हणून तिनं सगळे रंग फाडफाड बरोबर सांगितले.

"आता तू सांग आत्या. का भेऊन राहिली?"

"मी काहून भेऊ वं तुले, चोंबडे? दाखव!"

मी हिरव्या शाईतलं 'लाल' तिच्या नाकासमोर धरलं.

"लाल!" आत्या गरजली.



"बाबा," मी म्हटलं, "आत्याची म्हैस वाचाले लागली!"