केवढ्यानं वाचायचं

मगदूम बाईंनी इतिहासाचं पाठ्यपुस्तक मिटलं आणि अकरावीच्या वर्गात एका पत्राच्या झेरॉक्स वाटल्या. अमेरिकेत कारखाने नवे होते, तेव्हा कापडगिरणीतल्या एका मुलीनं आईला लिहिलेलं पत्र. त्याचं मराठी भाषांतर बाईंनीच केलं होतं.

शिरीन मोमीन उठून वाचू लागली. “आई, गिरणी सुटते, पण मागांचा खडखडाट कानांतून जात नाही. सुट्टीत घरी आले की मला जोरात हाक मार.”

“बाजार आहे का हा?” प्राचार्य दारात उभे होते. “ए मुली, केवढ्यानं ओरडतेस? आणि बाई, पत्रं कसली वाचून घेताय? औद्योगिकीकरणाचे पाच फायदे लिहून द्या, परीक्षेला तेवढंच येतं.”

सवयीनं बाईंनी खडू उचलला. शिरीन मात्र खाली बसली नाही. “सर, आमच्या घरी असंच बोलतात. अम्मी वीस वर्षं समोरच्या शेडमध्ये मागावर आहे. हळू बोललं तर तिला ऐकूच येत नाही.”

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “आमच्या पप्पांनापण.”

खिडकीतून इचलकरंजीचे यंत्रमाग ऐकू येत राहिले. ‘हळू बोला रे’ म्हणून बाई स्वतःच अशा पोरांना बारा वर्षं दटावत आल्या होत्या. त्यांनी खडू खाली ठेवला.

“फायदे उद्या लिहू, सर. आज पत्र पुरं होणार,” त्या म्हणाल्या. “शिरीन, पहिल्यापासून वाच. समोरच्या शेडमध्ये अम्मीला ऐकू जाईल एवढ्यानं.”