दोघींची खोली

कॅनडातल्या विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज भरताना नातीने स्वतंत्र खोलीवर खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचून माझ्याकडे पाहिलं.

“आजोबा, मी झोपेत बोलते का हो?”

पुस्तकातून मान वर करायला मला वेळ लागला. बारा वर्षं आम्ही एकाच खोलीत झोपतो. दिवसा तिच्याशी काय बोलावं, ते मला सुचत नाही.

“बोलतेस. कुणी ‘हो गं’ म्हटलं की शांत झोपतेस.”

“कोण म्हणतं?”

मी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

मग स्वतंत्र खोलीवरची खूण काढून तिने दोघींच्या खोलीवर केली.

“तिकडच्या मुलीला मराठी कुठून येणार, आजोबा?”

“‘हो गं’ एवढंच शिकव तिला.”

सप्टेंबरपासून स्वतंत्र खोली मला मिळणार होती.