ओवी नको, बासरी लावा

"बीपी आजही वरच आहे." सुषमा सिस्टरनं मल्हारी आबांच्या दंडावरचा पट्टा सोडला. "असंच राहिलं तर डॉक्टर आजही ऑपरेशन करणार नाहीत, आबा. मग थेट पुण्याला न्यावं लागेल."

आबा वरच्या पंख्याकडं बघत राहिले. खुब्याचं हाड मोडलेला माणूस, पण मांडवगण फराट्याहून दौंडच्या या दवाखान्यात आणल्यापासून दुखतंय म्हणून एकदाही कण्हला नव्हता. त्यांचा घोर वेगळाच होता.

"घरी रतन हाय," ते म्हणाले. "माझी बायको. तिची डावी बाजू गेलीय. मी भरवल्याबिगर घास गिळत न्हाई. मी टेबलावरनं उठलोच न्हाई तर तिला कोण बघंल?"

"सूनबाई आहेत ना घरी?"

"पूनम करती समदं. पर रतन तिच्या हातनं घेत न्हाई. हट्टी हाय."

रतनबाईच्या अंघोळीचं पाणी काढतानाच आबा मोरीत घसरले होते. पडल्या पडल्या त्यांनी सुनेला हाक मारली, ती मला उठव म्हणून नव्हे, तर पाणी निवायच्या आत रतनला न्हाऊ घाल म्हणून. त्यांच्या मुलानं, शंभूनं, हे वॉर्डात सांगितलं तेव्हा सगळे हसले होते. आबासुद्धा.

सुषमानं ट्रेमधून हेडफोन काढला. ऑपरेशनला घाबरणाऱ्या पेशंटला आधी त्याच्या आवडीचं संगीत ऐकवायचं, असं डॉक्टरांनी हल्लीच सुरू केलं होतं. बहुतेक जण अभंग मागत. राहू गावच्या एका गुऱ्हाळवाल्यानं मात्र लावणी मागितली आणि ती ऐकता ऐकता घोरायलाही लागला.

"तुम्हाला काय लावू, आबा?"

आबांचा चेहरा पहिल्यांदाच सैलावला. "आमची ओवी लाव पोरी. बिरोबाच्या जत्रंत मी म्हटलेली, ढोलासकट. शंभूच्या फोनात हाय. फोन आला की तीच वाजती. आमच्या घरात ती कवा बंद म्हणून नसती. थोरला भाऊ गेला तवा सुतकात तेवढी गप होती."

तेवढ्यात शंभू आत आला. सकाळपासून तो फोन कानाला लावून बाहेरच येरझाऱ्या घालत होता.

"शंभू, आपली ओवी लाव रं," आबा म्हणाले.

शंभू जागीच थांबला. "ती उडाली, आबा. फोन बिघडला व्हता." खिशातला फोन थरथरला. त्यानं तो बाहेर न काढताच दाबून बंद केला.

"नसू दे," सुषमा म्हणाली. "नेटवर बिरोबाच्या ढीगभर ओव्या आहेत. एखादी शोधते."

"नको सिस्टर." शंभू घाईनं म्हणाला. "ढोलानं बीपी आजून वाढंल. ओवी नको, बासरी लावा."

सुषमाला त्याचा रागच आला. म्हातारा कधी नव्हे तो खुलला होता आणि पोरानं त्यावर पाणी ओतलं होतं. पण ऑपरेशनच्या दिवशी नातेवाईक असेच वागतात, म्हणून तिनं बासरी शोधायला घेतली.

"बरं, भंडारा तरी लाव," आबा म्हणाले. "उशाखाली पुडी हाय."

शंभूनं उशीकडं पाहिलं, पण हात पुढं केला नाही. "आत चालत न्हाई आबा. इन्फेक्शन व्हतं."

चिमूटभर कपाळाला लावला तर काही बिघडत नाही, आपण नंतर पुसून घेऊ, असं सुषमा सांगणार होती. पण आबांनी तिला हातानं थांबवलं. ते मुलाच्या कपाळाकडं बघत होते. काल पिवळंधमक असलेलं ते कपाळ आज कोरडं होतं.

"चहा घेतलास का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"घरी फोन केलतास?"

"केलता."

"आई काय म्हणती?"

"निजलीय." शंभू खिडकीबाहेर बघत म्हणाला. "पूनम म्हणली, शांत निजलीय."

आबांनी उशाखालची पुडी हातानं आणखी आत सारली. मग त्यांनी मान हलवली. "बरं. लावा बासरी."

सुषमानं हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवला. आबांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं मिटल्या डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळलं. तिनं ते कापसानं टिपलं. बासरीनं पुष्कळांचं असं होतं. शंभू भिंतीला डोकं टेकून पाठमोरा उभा होता. आता मात्र तिला त्याची कीव आली. बापासाठी पोराचा जीव तुटत होता.

तिनं पुन्हा पट्टा बांधला. आकडा उतरला होता. खात्री करायला परत मोजला, तरी तेवढाच. डॉक्टर खूश झाले. गोळ्यांनी जे झालं नाही ते सुरांनी केलं, असं त्यांनी वॉर्डात सगळ्यांना ऐकवलं. शंभूनं आबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि स्ट्रेचर आत गेलं.

कमरेखालचा भाग बधिर करून ऑपरेशन होणार होतं. आबा जागेच राहणार होते. सुषमानं त्यांच्या एका कानावरचा हेडफोन जरा सरकवला.

"भीती गेली ना, आबा?"

"गेली," आबा म्हणाले. "आता कशाची भीती?"

ती हसून हेडफोन परत बसवायला लागली, तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं.

"एक काम कर पोरी. शंभूला सांग, माझ्यापाशी थांबू नको, घरी जा म्हणावं. उन्हं चढंस्तवर आईला अंगणात ठेवू नगा. आन् शेवटची आंघूळ हाय, पाणी कोमट घ्या म्हणावं. तिला गार सोसत न्हाई."