सामायिक चूल

दीर कॉम्प्युटरसमोर बसला, सासरे त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि वहिनीला भिंतीजवळच्या स्टुलावर बसवण्यात आलं. तिने बोलायचं नव्हतं. खाकरायचंही नाही, असं सासऱ्यांनी वर जोडलं, कारण सून त्यांच्या चांगल्या ओळखीची होती.

कारखाना घरचाच. तिथे यंत्रांना चालवणारे छोटे बोर्ड तयार होत: लिफ्टचे, नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पेटीचे, रुग्णाला थेंबथेंब औषध देणाऱ्या पंपाचे. प्रत्येकाचा प्रोग्राम त्याच्या चिपला कळेल अशा रूपात बांधून काढावा लागतो, आणि ही बांधणी जो तो आपापल्या रीतीने करायचा. एका छपराखाली ज्याची त्याची चूल वेगळी. लिफ्टचं काम बघणारी मुलगी, जिला सगळे लिफ्टवालीच म्हणत, आजारी पडली की लिफ्टचं काम ठप्प व्हायचं. ते फक्त तिच्या कॉम्प्युटरवर व्हायचं, आणि तिथेच का होतं हे तिलाही ठाऊक नव्हतं.

वहिनीने कित्येक वर्षं खपून सगळ्यांसाठी एकच बांधणी उभी केली होती. कुठलाही बोर्ड आणा, त्याची ओळख सांगणारी एक लहानशी फाईल लिहा, बाकीचं बांधणी बघून घेईल. लिफ्टच्या आणि पेटीच्या जुन्या बोर्डांच्या फाईली वहिनीने नमुन्यादाखल स्वतःच लिहून ठेवल्या होत्या.

दिराला ते पटत नव्हतं. हे सगळं चालतं ते वहिनी शेजारी बसून सांगत असते म्हणून, असं तो म्हणे. आणि खोटं कशाला बोला, आजवर झालंही तसंच होतं. शेवटी सासऱ्यांनी निवाडा दिला. पंपाची जुनी चिप बाजारातून गेलेली, दुसऱ्याच कंपनीचा नवा बोर्ड सकाळी आलेला. धाकट्याने कोऱ्या कॉम्प्युटरवर, वहिनीला एक शब्द न विचारता, त्या बोर्डावर पंप चालवून दाखवायचा. चालला तर सगळी कामं या बांधणीवर. नाही चालला तर ती गुंडाळून ठेवायची, पुन्हा विषय नको.

दीर विरोधात असला तरी लबाड नव्हता. त्याने मन लावून फाईल लिहिली. चिप कुठली, तिच्या कुठल्या पायाला मोटर जोडलीय, कुठल्या पायाला बटण. मग कळ दाबली. पडद्यावर ओळी धावू लागल्या. कोऱ्या कॉम्प्युटरवर काहीच नव्हतं, तर बांधणीने लागणारी अवजारं आपली आपण मागवून घेतली आणि कामाला लागली.

आणि थांबली. लाल ओळ आली.

वहिनीला स्टुलावरूनच कळलं काय राहिलंय ते. उत्तर अगदी ओठावर आलं होतं. तिने डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांचं काम आता एका वाक्यासाठी बुडणार, आणि ते वाक्य आपल्या तोंडात आहे.

दीर पुढे वाकून वाचू लागला. “या बोर्डाचं घड्याळ किती वेगाने चालतं ते सांगितलेलं नाही. अंदाजाने धरलं तर सगळ्या वेळा चुकतील, म्हणून इथेच थांबलेय. कसं लिहायचं ते लिफ्टच्या फाईलमध्ये बघा.”

त्याने वळून वहिनीकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. ती ओळ आपण कधी लिहिली हे तिला आठवेना. कधीतरी स्वतःच तिथे अडकली असणार आणि वैतागून मागून येणाऱ्यासाठी लिहून ठेवली असणार.

“पुढे चल,” सासरे म्हणाले.

दिराने लिफ्टची फाईल पाहिली, आपल्या फाईलमध्ये घड्याळाचा वेग घातला, पुन्हा कळ दाबली. या वेळी ओळी थांबल्या नाहीत. पंपाचा प्रोग्राम बांधून झाला. त्यानंतर या नव्या पाहुण्यामुळे घरातल्या जुन्यांना कुठे धक्का लागला नाही ना, हेही बांधणीने एकेकाला तपासून पाहिलं. पडद्यावर लिफ्टचं नाव सरकताना पाहून लिफ्टवाली हातातलं काम टाकून आली.

प्रोग्राम बोर्डात उतरवला. बोर्ड पंपाला जोडला. सिरिंजचा दट्ट्या इतका सावकाश सरकतो की डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे सगळे सुईच्या टोकाकडे बघत राहिले. बराच वेळ काहीच नाही. मग टोकाशी ओल चमकली, फुगली, लोंबली आणि खालच्या पेल्यात थेंब पडला. दिराने मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. दुसरा पडला. तिसरा.

“बरोबर पडतायत,” तो म्हणाला. एरवी एवढ्या हळू तो कधी बोलत नसे.

वहिनी स्टुलावरून उठून पंपाजवळ आली. प्रोग्राम लिहिला तेव्हा ही चिप जगात नव्हती, आणि तरी तो तिच्यात बिनबोभाट नांदायला लागला होता. आपण घरात नाही असं समजून आपलं पोर पाहुण्यांना बसा म्हणतं, पाणी देतं, ते दाराआडून बघावं तसं तिला झालं. हे आपण केलंय, असं काही केल्या वाटेना.

लिफ्टवाली लिफ्टचा एक नवा बोर्ड घेऊन आली. याच्या फाईलमध्ये काय काय लिहायचं, तिने विचारलं, आणि विचारलं ते दिराला. त्याने सरकून तिला खुर्ची दिली.

“तुला ठाऊक आहे तेवढं लिही,” तो म्हणाला. “जे राहील ते ही बांधणीच विचारेल.”

वहिनी मागे उभी राहून ऐकत होती. एवढी वर्षं ती हेच सगळ्यांना समजावत फिरली होती, आणि इतकं सोपं तिला एकदाही सांगता आलं नव्हतं.